पहिल्या वर्षाची बत्तीस मिनिटं

व्यावसायिक बॉक्सर म्हणून माझ्या पहिल्या चार लढती झाल्या. चारही लढती चार-चार राउंडच्या. बायकांचा राउंड सहसा दोन मिनिटांचा असतो, म्हणजे एक लढत आठ मिनिटांची. चारही शेवटच्या घंटेपर्यंत चालल्या. वर्षभरात मी रिंगमध्ये प्रत्यक्ष लढले ती एवढीच बत्तीस मिनिटं. हौशी बॉक्सिंगमधून इकडे यायचा विचार करणाऱ्या मुली मला विचारतात, "ताई, हेडगार्ड नसताना पहिला ठोसा कसा लागतो?" ते सांगणारच आहे. पण त्या ठोशापर्यंत पोचायला मला जवळपास चार महिने लागले, आणि त्या चार महिन्यांबद्दल मला आधी कुणीच नीट सांगितलं नव्हतं.

जानेवारीच्या पहिल्या आठवड्यात मी परवान्याचा अर्ज भरला. अर्ज दोनच पानांचा, पण त्याला जोडायचे कागद बरेच. एचआयव्ही, हिपॅटायटिस बी आणि सी यांच्या रक्ततपासण्या, ईसीजी, मेंदूचा एमआरआय, बाहुल्या मोठ्या करून केलेली डोळ्यांची तपासणी, डॉक्टरांनी भरून द्यायचा सर्वसाधारण तपासणीचा फॉर्म आणि मी आजवर लढलेल्या हौशी लढतींची नोंद. एमआरआयसाठी तीन आठवड्यांनंतरची वेळ मिळाली. सगळ्यांत मोठा खर्च त्याचाच होता आणि तो खिशातून करावा लागला. लढत ठरलेली नसते, लढती भरवणारा प्रमोटर भेटलेला नसतो, त्यामुळे या टप्प्यावर पैसे देणारं दुसरं कुणी नसतं. हे गृहीत धरूनच सुरुवात करा.

फेब्रुवारीच्या मध्यावर माझी फाइल परत आली. डोळ्यांच्या फॉर्मवर शिक्का होता, तारीख होती, पण डॉक्टरांची सही राहिली होती. त्या एका सहीपायी सतरा दिवस गेले. मी तेव्हा खूप रडले. थकवा साठलेला होता आणि रोज सकाळी उठून कशासाठी पळतोय हेच कळेनासं झालं होतं. तेव्हापासून कुठलाही फॉर्म हातात आला की डॉक्टरांच्या टेबलापाशीच उभी राहून सही, शिक्का, तारीख आणि माझं नाव ओळखपत्राप्रमाणे आहे का हे बघते, आणि मगच बाहेर पडते. प्रत्येक कागदाचा फोटो काढून ठेवते. रक्ततपासणीला मुदत असते हेही लक्षात ठेवा. फार लवकर करून ठेवली, तर लढतीच्या वेळी ती शिळी झालेली असते आणि पुन्हा पैसे मोजावे लागतात.

डॉक्टरांच्या फॉर्मवर शेवटची पाळी कधी आली हाही प्रश्न होता. तो भरताना मला ब्रिटिश बॉक्सर जेन काउच आठवली. १९९८ मध्ये ब्रिटनमध्ये परवाना मिळवण्यासाठी तिला तिथल्या बॉक्सिंग मंडळाविरुद्ध दाद मागावी लागली होती. पाळीच्या आधी बायकांचं मन अस्थिर असतं, हे कारणसुद्धा तिला नकार देताना पुढे केलं गेलं होतं. ती जिंकली. आज तोच प्रश्न फक्त डॉक्टरांना माहिती हवी म्हणून विचारला जातो, आणि मी तारीख लिहून पुढच्या रकान्याकडे जाते. हे इतकं साधं झालंय ते तिच्यासारख्या बायकांमुळे, हे मला विसरायचं नाही.

याच काळात करार झाला. मॅनेजरला मानधनाचा पाव ते एक तृतीयांश हिस्सा आणि प्रशिक्षकाला दहावा हिस्सा, असं साधारण सगळीकडे दिसतं. माझ्या करारात मॅनेजरचा हिस्सा पाव होता. तो ठोक मानधनावर की खर्च वजा जाता उरलेल्या रकमेवर, हे पहिल्या मसुद्यात लिहिलेलंच नव्हतं. ओळखीच्या एका वकील ताईंनी ते नेमकं पकडलं आणि एक ओळ वाढवून घेतली. त्या ओळीने पहिल्याच लढतीत मला फरक दिसला. करार किती वर्षांचा आहे आणि वर्षाला किमान किती लढती मिळवून द्यायच्या आहेत, हेही लिहून घ्या. तोंडी सांगितलेलं सगळं नंतर हवेत विरतं.

परवाना मार्चच्या तिसऱ्या आठवड्यात हातात आला. नंबर असलेलं छोटं पुस्तक. मी ते उशाशी घेऊन झोपले.

आता प्रतिस्पर्धी. पुरुषांच्या मानाने व्यावसायिक बायका थोड्या, त्यात आपल्या वजनगटातल्या आणखी थोड्या, आणि आपल्याच टप्प्यावरच्या तर हाताच्या बोटांवर मोजण्याइतक्या. मी फेदरवेटची, म्हणजे १२६ पौंड, ५७.१५ किलोंपर्यंत. सुरुवातीच्या लढतींमध्ये करारात एखाद-दोन पौंडांची सवलत ठेवतात, नाहीतर जोडीच जमत नाही. माझी पहिली जोडी एप्रिलच्या सुरुवातीला जमली आणि आठ दिवस आधी मोडली. समोरच्या मुलीचा हात सरावात दुखावला होता. पत्रकावर माझ्या नावासमोर "प्रतिस्पर्धी नंतर जाहीर होईल" असं छापून आलं. ते आठ दिवस मी कुणाविरुद्ध सराव करतेय हेच माहीत नव्हतं. लढायची पद्धत डावखुरी की उजवी, उंची किती, पुढे येणारी की मागे सरकणारी, काहीच नाही. कार्यक्रम पुढे गेला आणि लढत एप्रिलच्या शेवटच्या शनिवारी आली. नवी प्रतिस्पर्धी दोन दिवस आधी ठरली.

लहान कार्यक्रमात नवख्या बॉक्सरकडे तिकिटंही विकायला देतात. त्या विक्रीतूनच बऱ्याचदा समोरच्या बॉक्सरचं मानधन निघतं. मी सराव संपवून रोज संध्याकाळी तासभर फोन करत बसायचे. हे काम मला जमत नाही असं वाटायचं, पण करावं लागलं. माझा सल्ला एवढाच, की शेवटचा आठवडा त्यातून मोकळा ठेवा. कुणी तिकिटाबद्दल विचारलं तर भाऊ, बहीण, मैत्रीण, कुणातरी एकाचा नंबर द्या.

वजन लढतीच्या आदल्या दिवशी दुपारी. आधी गरोदरपणाची चाचणी, मग रक्तदाब, मग डॉक्टरांचे प्रश्न, मग काटा. वजनाबद्दल मुलींना एक गोष्ट मुद्दाम सांगते. पाळीच्या आधीच्या दिवसांत अंगात पाणी धरतं. माझं वजन त्या दिवसांत किलोभर सहज वाढतं आणि ते उपाशी राहून उतरत नाही. मी सहा महिने रोज सकाळचं वजन आणि पाळीची तारीख एकाच वहीत लिहिली. त्यामुळे लढतीची तारीख कळली की त्या दिवशी शरीर कुठल्या टप्प्यावर असेल याचा अंदाज येतो, आणि आधीच्या आठवड्यापासून बेत ठरवता येतो. ही वही सरांनाही, म्हणजे माझ्या प्रशिक्षकांनाही, दाखवते. सुरुवातीला संकोच वाटला. सरांनी वही उघडून शांतपणे वाचली आणि म्हणाले, "हे आधी का नाही दाखवलंस?"

लढतीच्या दिवशी मला फ्लोटर ठेवलं होतं. फ्लोटर म्हणजे ज्या लढतीची वेळ ठरलेली नसते ती. मोठ्या लढती लवकर संपल्या तर मधल्या मोकळ्या वेळात तिला सोडतात. माझा क्रमांक तिसरा सांगितला होता. मी अंग गरम केलं, घाम फुटला आणि निरोप आला, आत्ता नाही. घाम गार झाला. तासाभराने पुन्हा बोलावलं, पुन्हा थांबवलं. तिसऱ्यांदा सर म्हणाले, "आता पूर्ण ताकद लावू नकोस. फक्त पाय हलते ठेव." त्या रात्री मी साडेचार तास थांबले. सोबत टॉवेल दोन-तीन असू द्या, कोरडा टी-शर्ट असू द्या आणि हलकं काहीतरी खायला असू द्या. मी काही नेलं नव्हतं. रिंगकडे निघाले तेव्हा पोटात खड्डा पडला होता.

हातांचं बँडेज मात्र त्याच्या आधीच बांधून झालं होतं, आणि तो अर्धा तास मला आजही जसाच्या तसा आठवतो. हौशी लढतीत धुऊन पुन्हा वापरायच्या पट्ट्या असतात. इथे पातळ जाळीची गॉझ आणि चिकटपट्टी. सर खुर्चीवर उलटे बसले, पाठीच्या टेकणावर माझा हात ठेवला आणि मनगटापासून सुरुवात केली. गॉझचे वेढे, बोटांच्या बेचक्यांतून चिकटपट्टीच्या बारीक चिंध्या, पुन्हा वेढे. समोरच्या बॉक्सरच्या कोपऱ्यातला, म्हणजे तिच्या मदतनिसांपैकी, एक माणूस उभा राहून बघत होता, तो त्यांचा हक्कच असतो. मुठीच्या उंचवट्यांवर चिकटपट्टी येता कामा नये, म्हणून सर दर वेढ्याला माझी मूठ वळवून त्याला दाखवत होते. झाल्यावर अधिकाऱ्याने जाड काळ्या पेनाने दोन्ही मनगटांवर सही केली. त्यानंतर ते सोडायचं नाही, स्वच्छतागृहातही कुणीतरी सोबत येणार. मी मूठ आवळली तेव्हा हात माझा वाटेना, लाकडातून कोरून काढल्यासारखा घट्ट झाला होता. त्यावर आठ औंसांचे ग्लोव्हज. सरावात मी सोळा औंसांचे वापरते, साधारण साडेचारशे ग्रॅमचे. हे त्याच्या निम्मे.

आणि हेडगार्ड नाही. बायकांच्या हौशी लढतीत मी कायम ते घालून लढले. त्यात ठोसा आला की एक बोदा आवाज येतो, बाहेरचं जगही थोडं दबलेलं असतं. पहिल्या राउंडच्या विसाव्या सेकंदाला तिचा जॅब, म्हणजे पुढच्या हाताचा सरळ ठोसा, माझ्या डाव्या गालाच्या हाडावर बसला. आवाज कोरडा होता, टाळी वाजल्यासारखा. दुखलं असं नाही म्हणणार. चामडं त्वचेवर घासल्याचा चटका बसला, आणि मग सगळं फार स्वच्छ ऐकू यायला लागलं. लोकांची कुजबुज, सरांचा आवाज, माझाच श्वास. भीती होती ती तिथे संपली. ठोसा कसा असतो हे कळल्यावर त्याची वाट बघणं थांबलं.

हौशी लढतीतले तीन मिनिटांचे राउंड खेळून आलेल्या मुलीला दोन मिनिटं कमी वाटतात. मलाही वाटली होती. मी पहिली तीस सेकंदं सवयीप्रमाणे अंतर मोजण्यात घालवली, म्हणजे पाव राउंड गेला. ती तोवर चार जॅब मारून मोकळी झाली होती. शेवटचे दहा सेकंद उरल्याचा लाकडी ठोकळा वाजला तेव्हा मला वाटलं, आत्ता तर सुरू झालं. पहिला राउंड मी हरले. कोपऱ्यात सरांनी तोंडावर पाणी मारलं आणि एवढंच म्हणाले, "घंटा झाली की पहिला हात तुझा. बघत उभी राहू नकोस." पुढचे तीनही राउंड मी घंटेबरोबर पुढे गेले. गुणांवर ३९–३७ ने जिंकले.

डॉक्टरांनी डोळ्यांत बॅटरी मारून बघितलं, सही केली. मानधनातून मॅनेजरचा आणि सरांचा हिस्सा आणि प्रवास वजा करता जे उरलं ते एमआरआयच्या बिलाच्या निम्म्यापेक्षाही कमी होतं. हे कुणाला नाउमेद करायला लिहीत नाही. पहिल्या वर्षी नोकरी सोडू नका, हे सांगायला लिहितेय. मी सोडली नव्हती म्हणून टिकले.

दुसरी लढत जुलैत. समोरची बाई माझ्याहून नऊ वर्षांनी मोठी, तिच्या नोंदीत विजयांपेक्षा पराभव कितीतरी जास्त. मी आकडे बघून निर्धास्त झाले, ती माझी चूक. नोंदीतले पराभव दिसतात, त्यामागचे राउंड दिसत नाहीत. तिने मला जवळ ओढलं, डोकं माझ्या खांद्यात रोवलं, माझा उजवा हात काखेत दाबला आणि मोकळ्या हाताने बरगड्यांवर बारीक बारीक मारत राहिली. हौशी लढतीत पंच लगेच सोडवतो. इथे हात चालू आहेत तोवर तो चालू देतो. दोन राउंड मला सुटताच आलं नाही. ३८–३८, बरोबरी. नंतर कपडे बदलायच्या खोलीत तिने स्वतःहून येऊन मला दाखवलं, कोपर आत घेऊन खांद्याने कसं वळायचं ते. बँडेज अजून हातावर होतं तिच्या. तेवढ्या दहा मिनिटांत जे शिकले ते मी अजून रोज घोटते.

तिसरी सप्टेंबरच्या अखेरीस, तीही समोरच्या मुलीच्या घरच्या कार्यक्रमात. मी पाहुण्यांच्या कोपऱ्यात. वजनाला ती किलोभर जास्त भरली. अशा वेळी दोनच वाटा असतात, तिच्या मानधनातला काही भाग घेऊन लढायचं किंवा घरी जायचं. निर्णयाला वीस मिनिटं दिली. मी लढायचं ठरवलं. लढू नये असं सरांचं मत होतं आणि आज मला तेच बरोबर वाटतं. एवढ्या फरकाला हो म्हणायचं की नाही, हे काट्यापाशी उभं राहून ठरवू नका. आकडा आधीच ठरवून ठेवा.

दुसऱ्या राउंडमध्ये आमची डोकी आपटली आणि माझी डावी भुवई फाटली. डोळ्यात रक्त आलं की समोरचं सगळं तांबूस आणि धूसर होतं. कोपऱ्यात एक मिनिट असतो. जखमेचं रक्त थांबवणाऱ्या कटमनने त्यातले जवळपास चाळीस सेकंद कापसाची काडी जखमेत दाबून धरली, काडीवर ॲड्रेनलिन. मग व्हॅसलीनचा थर. रक्त थांबलं, पण त्या बाजूने वळून येणारा ठोसा, हुक, मला उशिरा दिसत होता. ३७–३९, हरले.

भुवईला पाच टाके. हातात कागद मिळाला: ४५ दिवस लढत बंद, त्यातले ३० दिवस स्पारिंगही, म्हणजे सरावातली लढतही, बंद. हे निलंबन वैद्यकीय असतं, शिक्षा नसते. नियम मोडून सरावात अंगावर घेऊ नका, टाके पुन्हा उसवले की पुढच्या वेळी जखम तिथेच उघडते. घरी आले तेव्हा आईने दार उघडलं, काहीच बोलली नाही. रात्री उशीखाली जुना टॉवेल पसरून गेली. सकाळी तिने विचारलं, "परत जायचंय का तुला?" मी हो म्हणाले. तिने मान हलवली आणि टाके काढायची तारीख भिंतीवरच्या कॅलेंडरवर लिहून ठेवली.

हरल्यावर फोन कमी येतात, हे खरं आहे. नोंदीत पराभव लागला की जोड्या लावणारा मॅचमेकर तुम्हाला दुसऱ्या रांगेत टाकतो. त्या दिवसांत मी अमेरिकन बॉक्सर फ्रँचॉन क्रूजचा विचार करायचे. १९ नोव्हेंबर २०१६ ला लास वेगासमध्ये क्लॅरेसा शील्ड्सची पहिली व्यावसायिक लढत झाली, तीही चारच राउंडची. शील्ड्सकडे तोवर ऑलिम्पिकची दोन सुवर्णपदकं होती. समोर उभी असलेल्या क्रूजचीही ती पहिलीच लढत होती, आणि ती हरली. क्रूज २०२२ मध्ये सुपर मिडलवेट गटातले जगज्जेतेपदाचे सगळे पट्टे असलेली विजेती झाली. पहिल्याच रात्री पराभव नोंदवला गेलेल्या बाईला पुढे साडेपाच वर्षं काम करत राहावं लागलं, ही गोष्ट मला कुठल्याही धीराच्या शब्दांपेक्षा जास्त उपयोगी पडली.

निलंबनाच्या काळात मी फक्त पाय आणि जॅब केले. दोन मिनिटांचं घड्याळ लावून, घंटा वाजताक्षणी पहिला हात. रोज बारा राउंड. याच दिवसांत सरांशी बायकांच्या राउंडच्या वेळेवरून वाद झाला. ऑक्टोबर २०२३ मध्ये अमांडा सेरानो आणि डॅनिला रामोस पुरुषांसारखे बारा राउंड, प्रत्येकी तीन मिनिटांचे, लढल्या. मला वाटतं ज्यांना हवंय त्यांना ती मुभा असावी. दोन मिनिटांत शरीरावर मारलेल्या ठोशांचं फळ मिळायच्या आत घंटा होते, आणि मग बायकांच्या लढती फार वेळा गुणांवर जातात असं म्हणणारेही दोन मिनिटांचा आग्रह धरणारेच. सरांचं म्हणणं, आधी दोन मिनिटं पूर्ण वापरायला शिक. दोघंही आपापल्या जागी ठाम आहोत.

चौथी लढत डिसेंबरच्या दुसऱ्या शनिवारी. या वेळी पिशवीत तीन टॉवेल, दोन टी-शर्ट, केळी आणि सगळ्या कागदांच्या प्रती होत्या. पुन्हा फ्लोटर. मी खुर्चीवर पाय वर घेऊन चक्क झोपले. बोलावणं आलं तेव्हा सरांनी खांद्याला हात लावून उठवलं. लढतीबद्दल फार लिहिण्यासारखं नाही. पहिला हात माझा, चारही वेळा. तिसऱ्या राउंडमध्ये तिने मला ओढून धरलं, मी कोपर आत घेतलं, खांद्याने वळले आणि बाहेर आले. प्रेक्षकांतलं कुणी त्यासाठी ओरडलं नसेल. कोपऱ्यातून सर ओरडले. ४०–३६.

बँडेज कापून काढताना मी सही असलेला तुकडा बाजूला ठेवला. सोमवारी मॅनेजरचा फोन आला, मार्चमध्ये सहा राउंड, बारा मिनिटं. प्रतिस्पर्धी अजून ठरायची आहे. माझ्या रक्ततपासणीची मुदत त्याआधी संपतेय, म्हणून येत्या गुरुवारी सकाळी सातला रिकाम्या पोटी प्रयोगशाळेत जायचंय.